महिन्याचा पगार ठरला, तासांचं काय? दुकान, हॉटेल, ऑफिस चालवणाऱ्या नव्या मालकांसाठी

"अठरा हजार देतो, दोन वेळचा चहा, दुपारचं जेवण. सकाळी दहाला येतो, रात्री नऊला सुटतो." नवीन दुकान किंवा हॉटेल टाकलेल्या मालकाला माणसांच्या पगाराबद्दल विचारलं की साधारण असंच उत्तर मिळतं. त्यात पगार आहे, वेळही आहे, पण दोघांची गाठ कुठेच बांधलेली नाही. कायदा नेमका त्या गाठीबद्दल विचारतो. महिन्याचा ठोक आकडा ठरवला की त्या माणसाचे हवे तेवढे तास आपले झाले, ही समजूत पहिल्याच दिवशी सोडलेली बरी.

हा लेख महाराष्ट्रात दुकान, हॉटेल, क्लिनिक, क्लास, छोटं ऑफिस सुरू करून पहिल्यांदा माणसं कामावर ठेवणाऱ्यांसाठी आहे. कारखान्याचे नियम वेगळे, ते इथे घेतलेले नाहीत.

पायरी १ : आपल्याला कोणता कायदा लागतो ते ठरवा

दोन कायदे डोळ्यांसमोर ठेवा. पहिला केंद्राचा, वेतन संहिता २०१९. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिने चार जुने कायदे पोटात घेतले: १९३६ चा वेतन देण्याबाबतचा, १९४८ चा किमान वेतनाचा, १९६५ चा बोनसचा आणि १९७६ चा समान वेतनाचा. पगार किती, कधी, कसा द्यायचा आणि त्यातून काय कापता येतं, हे सगळं आता या एका संहितेत आहे.

दुसरा राज्याचा, महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७. ज्याच्या नोंदणीला मुंबईत गुमास्ता आणि इतरत्र शॉप ॲक्ट म्हणतात, तोच. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, रजा हे त्याचं क्षेत्र. मूळ कायदा दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. २०२५ च्या दुरुस्तीने ही संख्या वीसवर नेली. त्याहून कमी माणसं असतील तर नोंदणी लागत नाही, पण व्यवसाय सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यावी लागते. तिची पावती जपून ठेवा. चालू खातं उघडताना बँकही ती मागते.

इथेच सगळ्यात महागडा गैरसमज होतो. "आमच्याकडे सहाच माणसं आहेत, आम्हाला काही लागू नाही." राज्याच्या कायद्यातली रजा-सुट्ट्यांची कलमं लागू नसतील, हे खरं. पण वेतन संहितेला माणसांच्या संख्येची अशी अट नाही. एक माणूस ठेवला तरी किमान वेतन, वेळेवर पगार, बेकायदा कपातीला बंदी आणि जादा तासांचे दुप्पट पैसे हे चारही नियम लागू होतात. (बोनसला मात्र वीस माणसांची अट आहे, त्याबद्दल पुढे.)

पायरी २ : किमान वेतनाचा तळ शोधा, आणि वर्षातून दोनदा शोधा

पूर्वी किमान वेतन सरकारने यादीत घातलेल्या उद्योगांनाच होतं. संहितेत ही यादी गेली, आता ते सगळ्यांना आहे. आपला आकडा काढण्यासाठी तीन गोष्टी लागतात: व्यवसायाचा प्रकार, गाव किंवा शहर कोणत्या परिमंडळात (किमान वेतनासाठी सरकारने पाडलेल्या विभागात) येतं, आणि काम कुशल, अर्धकुशल की अकुशल. त्यातून मूळ दर मिळतो. त्यावर विशेष भत्ता मिळवायचा. दोन्हींची बेरीज म्हणजे आपला तळ.

विशेष भत्ता महागाई निर्देशांकाला बांधलेला असतो आणि जानेवारी व जुलै असा दर सहा महिन्यांनी बदलतो. बहुतेकांची चूक इथे होते. जानेवारीत चौकशी करून पगार बरोबर लावलेला असतो, जुलैत कोणी पाहत नाही, आणि काही न करता आपण कमी पगार देणारे मालक ठरतो. मोबाइलमध्ये दोन तारखांचा अलार्म लावा, खर्च शून्य.

कौशल्याचा वर्ग आपल्या सोयीने ठरवू नका. पाच वर्षं तंदूर सांभाळणाऱ्याला अकुशल दाखवलं तर ते टिकत नाही. जेवण किंवा राहायची खोली देतो म्हणून आपल्या मनाने किंमत लावून ती किमान वेतनातून वळती करू नका. आणि एकाच कामाला बाईला कमी, पुरुषाला जास्त, हे संहितेच्या कलम ३ प्रमाणे चालत नाही. काउंटरवरची मुलगी आणि काउंटरवरचा मुलगा यांचा पगार एकच.

पायरी ३ : पगाराची फोड करताना निम्म्याचा नियम

मूळ पगार छोटा आणि भत्ते मोठे दाखवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) कमी बसावी हा हेतू. संहितेने वेतनाची व्याख्याच अशी केली की ही युक्ती फारशी उपयोगाची राहिली नाही. मूळ पगार आणि महागाई भत्ता हे वेतन. घरभाडे, प्रवास भत्ता, कमिशन, ओव्हरटाइम वगैरे वेतनाबाहेर, पण या बाहेरच्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरची रक्कम पुन्हा वेतनात धरायची.

समजा एकूण २४,००० देता. मूळ पगार ९,०००, घरभाडे ८,०००, प्रवास ४,०००, कमिशन ३,०००. बाहेरच्या रकमा झाल्या १५,०००. निम्मे म्हणजे १२,०००. वरचे ३,००० वेतनात परत आले, म्हणून वेतन ९,००० नव्हे, १२,०००. नव्याने पगार ठरवताय तर मूळ पगारच निम्म्याच्या आसपास ठेवा. हिशोब सोपा राहतो आणि कामगारालाही पावती वाचता येते.

पायरी ४ : तास मोजा

२०१७ च्या कायद्यात दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा होती. २०२५ मध्ये राज्य सरकारने दिवसाचे दहा तास केले. ही बातमी "आता दहा तास काम घेता येतं" एवढीच पसरली. आठवड्याचे ४८ तास मात्र तेच राहिले. त्यामुळे सहा दिवस दहा-दहा तास काम घेतलं तर दिवसाच्या मर्यादेत राहूनही आठवड्याला १२ तास जास्त झाले.

पहिल्या परिच्छेदातल्या माणसाचं गणित करू. दहा ते नऊ म्हणजे ११ तास, जेवणाचा एक तास वजा, निव्वळ काम १० तास. सहा दिवसांचे ६०. हिशोब सुटसुटीत व्हावा म्हणून पगार १८,२०० धरू (हा आकडा उदाहरणाचा आहे, किमान वेतनाचा नाही). महिन्याचे २६ कामाचे दिवस धरायची पद्धत आहे, त्याप्रमाणे रोज ७०० रुपये. आठ तासांनी भागलं की तासाला ८७ रुपये ५० पैसे. जादा तासाचा दर दुप्पट, म्हणजे १७५. आठवड्याला १२ तास जादा म्हणजे २,१०० रुपये. तीन महिन्यांच्या १३ आठवड्यांत १५६ तास आणि २७,३०० रुपये.

आता दुसरी अडचण. तिमाहीत ओव्हरटाइम किती घ्यायचा यालाही मर्यादा आहे. मूळ कायद्यात १२५ तास, दुरुस्तीनंतर १४४. आपला माणूस १५६ वर आहे. म्हणजे दुप्पट पैसे चोख दिले तरी हे वेळापत्रक कायद्यात बसत नाही. पैसे मोजून सुटता येत नाही, माणूस वाढवावा लागतो किंवा वेळा बदलाव्या लागतात.

वेळा बदलणं स्वस्त पडतं. दुकान दहा ते नऊ उघडं ठेवायचं आहे ना, मग निम्मी माणसं दहा ते सात आणि निम्मी बारा ते नऊ बोलवा. प्रत्येकाला एक तास जेवणाची सुट्टी, निव्वळ आठ तास, सहा दिवसांचे ४८. बारा ते सात, म्हणजे गर्दीच्या वेळी, सगळे हजर. हॉटेलवाल्यांना दुपार आणि रात्र अशा दोन गर्द्या असतात, त्यांनी पाळ्या तशा लावाव्यात. सलग पाच तास काम झालं की किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, आणि त्या अर्ध्या तासात "जरा गिऱ्हाईक बघ" म्हणू नये. गिऱ्हाईक बघितलं तर ती विश्रांती नाही, काम आहे.

कामाची वेळ शटर वर जाण्याआधी सुरू होते. झाडलोट, माल लावणं, रात्री गल्ला मोजणं, जाता जाता "एवढी डिलिव्हरी टाकून जा" हे सगळं काम आहे. संहितेच्या कलम १४ मध्ये जादा तासाबरोबर तासाच्या भागाचाही उल्लेख आहे, त्यामुळे रोजची वीस मिनिटं सोडून देता येत नाहीत. हे कलम छोट्या आस्थापनांनाही लागतं. सहा माणसांच्या दुकानाला दुकाने अधिनियमातले तास लागू नसले तरी ठरलेल्या कामाच्या दिवसापेक्षा जास्त थांबवलं की दुप्पट दर लागतोच.

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस, लग्नसराई, शाळा उघडण्याचा जून, या काळात ओव्हरटाइम लागणारच, कोणी नाही म्हणत नाही. तिमाहीचा कोटा अशा दिवसांसाठी राखून ठेवायचा असतो. तो एप्रिलमध्येच रोजच्या ढिलाईत संपवला तर ऐन सीझनला हात बांधले जातात.

पायरी ५ : सुट्ट्या आणि रजा

आठवड्यातून सलग २४ तासांची एक सुट्टी. त्या दिवशी बोलावलं तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी. वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या, त्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या, उरलेल्या चार माणसांशी बोलून ठरवायच्या. गणपतीचे दिवस आणि पाडवा बहुतेक ठिकाणी येतातच, पण आपल्याकडे ईद किंवा नाताळ पाळणारी माणसं असतील तर त्यांनाही विचारा. आठ दिवस किरकोळ रजा, ती वर्षअखेर संपते. वर्षात २४० दिवस भरले तर दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा, साठवायची मर्यादा ४५ दिवस.

वीसपेक्षा कमी माणसं असली तरी यातलं साप्ताहिक सुट्टीचं सूत्र तरी पाळा असं मी सांगेन. महिनाभर सुट्टी न घेता राबलेला आचारी पुढच्या महिन्यात न सांगता गावाला जातो, आणि तेव्हा शटर बंद ठेवावं लागतं ते आपल्याला.

पायरी ६ : पगाराचा दिवस

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. आठवड्याचा असेल तर साप्ताहिक सुट्टीच्या आधी, रोजंदारी असेल तर त्याच दिवशी काम संपताना. पूर्वी वेतन देण्याबाबतचा कायदा महिना २४,००० पर्यंतच्या पगाराला लागू होता, आता ती मर्यादा उरली नाही. मॅनेजरचा पगारही सातच्या आतच.

रोख देणं बेकायदा नाही, पण बँकेत टाकलेल्या पगाराइतका चांगला पुरावा दुसरा नाही. रोखच द्यायचा असेल तर रक्कम लिहिलेली सही घ्या.

"एक पगार मागे ठेवतो, म्हणजे माणूस पळून जात नाही." ही चाल किती दुकानांत आहे हे वेगळं सांगायला नको. संहितेत तिला जागा नाही. माणूस सोडून गेला, काढला किंवा दुकानच बंद झालं, तर शेवटचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. किल्ल्या, युनिफॉर्म, मोबाइल परत घेण्याची यादी आधीच तयार ठेवा, नाहीतर दोन दिवस शोधाशोधीतच जातात.

पायरी ७ : कपात

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. संहितेने परवानगीच्या कपातींची यादी दिली आहे: गैरहजेरी, दंड, नुकसान, उचल आणि कर्जाची वसुली, पीएफ, कर आणि आणखी काही. यादीत नसलेलं काही कापता येत नाही. आणि सगळं मिळून एका महिन्यात वेतनाच्या निम्म्याहून जास्त कापता येत नाही.

खाड्याचे पैसे जेवढा वेळ गैरहजर तेवढेच. "तीन लेटला एक खाडा" हा नियम भिंतीवर लावलेला खूप ठिकाणी दिसतो. वरच्याच माणसाचं पाहा: तीन दिवस पंधरा-पंधरा मिनिटं उशीर म्हणजे पाऊण तास, त्याचे होतात साधारण ६६ रुपये. कापले ७००. गैरहजेरीच्या नावाखाली ही कपात बसत नाही. मग शिस्त कशी लावायची? बोलून, लेखी ताकीद देऊन, आणि वेळेवर येणाऱ्याला हजेरी बक्षीस देऊन.

दंड करायचा तर कोणत्या चुकांसाठी, याची यादी आधी मंजूर करून घ्यावी लागते, ती दुकानात लावावी लागते, माणसाला त्याचं म्हणणं मांडू द्यावं लागतं. एवढं करून दंड वेतनाच्या तीन टक्क्यांपर्यंतच, म्हणजे १८,२०० वर ५४६ रुपये. तो हप्त्यांनी किंवा ९० दिवसांनंतर वसूल करता येत नाही, आणि ते पैसे कामगारांच्याच उपयोगासाठी खर्च करायचे असतात, गल्ल्यात नाही. छोट्या मालकाला माझा सल्ला असा की दंडाच्या वाटेला जाऊच नका, कागदपत्रांचा खर्च दंडापेक्षा जास्त होतो.

गल्ल्यात तूट आली किंवा माल फुटला, तर ज्याच्या ताब्यात तो होता आणि ज्याच्या निष्काळजीपणामुळे ते झालं त्याच्याकडूनच, त्याला विचारून, नुकसानाइतकीच रक्कम घेता येते. तूट सगळ्यांत वाटून टाकायची पद्धत कायद्यात कुठेच बसत नाही. त्यापेक्षा पाळी बदलताना गल्ला मोजून दोघांच्या सह्या घ्या, कोणाच्या पाळीत काय झालं ते कळतं.

उचल देताना वहीत तारीख, रक्कम, हप्ता आणि सही. लग्न, दवाखाना, शाळेची फी यासाठी माणसं उचल मागतात आणि मालक देतातही. देताना मन मोठं असतं, पण कागद नसतो, आणि माणूस सोडून जाताना दोघांचे आकडे वेगळे निघतात.

पायरी ८ : मस्टर, पगारपत्रक, पावती

महिन्याच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनाने, सगळ्यांच्या नावापुढे "ह" भरलेलं मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, तपासणाऱ्याला लांबूनच ओळखू येतं. त्यात वेळाही नसतात. वहीत किंवा संगणकावर, कुठेही ठेवा, पण आल्याची आणि गेल्याची वेळ रोज नोंदवा. बायोमेट्रिक मशीन असेल तर त्याचा डेटा दर महिन्याला काढून ठेवा, मशीन बिघडलं की सगळं जातं. हजेरी, पगारपत्रक आणि कपातीची नोंद एकमेकांशी जुळली पाहिजे. मस्टरमध्ये तीन खाडे आणि पगारपत्रकात पूर्ण पगार असेल तर दोन्ही कागदांवरचा विश्वास उडतो. प्रत्येकाला पगाराची पावती देणं बंधनकारक आहे, व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली तरी माणसाकडे काहीतरी राहतं.

एवढा आग्रह का, ते सांगतो. पगार कमी दिला किंवा बेकायदा कापला असा दावा आला, तर तसं झालं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी संहितेने मालकावर टाकली आहे. पूर्वी किमान वेतनाचा दावा सहा महिन्यांत करावा लागे, आता तीन वर्षं मिळतात. वरच्या माणसाचा तिमाहीचा ओव्हरटाइम २७,३०० होता, तीन वर्षांचे बारा तिमाही धरले तर ३,२७,६०० होतात. एका माणसाचे. शिवाय असे दावे ऐकणाऱ्या सरकारी प्राधिकाऱ्याला दाव्याच्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई लावता येते. अशा वेळी आपल्याकडे रोजच्या वेळांची नोंद नसेल तर समोरचा सांगेल ते तास खोडून काढायला हातात काहीच नसतं.

उरलेल्या गोष्टी, थोडक्यात

पीएफ वीस माणसांपासून, दोन्हीकडून सर्वसाधारणपणे १२ टक्के. ईएसआय (कामगार राज्य विमा) महिना २१,००० पर्यंतच्या माणसांना, कामगाराचे ०.७५ आणि मालकाचे ३.२५ टक्के. दोन्हींचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. व्यवसाय कर महिना २००, फेब्रुवारीत ३००, मात्र २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना माफ. कामगार कल्याण निधीची वर्गणी जून आणि डिसेंबरमध्ये. हे हिशोब तुमचा अकाउंटंट करेल, पण तारखा तुम्हाला माहीत हव्यात.

बोनस वीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत, ८.३३ ते २० टक्के, वर्षात ३० दिवस काम केलेल्याला. आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे ३० नोव्हेंबरच्या आत द्यायचा. दिवाळीला दिला की बसतो. मिठाईचा पुडा आणि पाकीट द्या, चांगलंच आहे, पण ते बोनसच्या खात्यात धरू नका.

सफाई, सुरक्षा, वेटर यांची माणसं ठेकेदारामार्फत घेत असाल तर ठेकेदाराने पगार बुडवला की जबाबदारी तुमच्याकडे येते. त्याचं बिल मंजूर करण्याआधी मागच्या महिन्याच्या पगाराचा बँकेचा पुरावा मागा. "सगळं करतो साहेब" हा पुरावा नाही.

दंडाचं म्हणाल तर, कमी पगार दिल्याबद्दल ५०,००० रुपयांपर्यंत. पाच वर्षांत तोच गुन्हा पुन्हा केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदी नीट न ठेवल्याबद्दल १०,००० पर्यंत. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला संहितेत निरीक्षक-सह-सुविधाकार म्हटलं आहे, आणि नोंदींसारख्या चुकांत खटल्याआधी लेखी सूचना देऊन दुरुस्तीची मुदत द्यावी, अशी तरतूद आहे. अशी सूचना हातात पडली तर त्यातला प्रत्येक मुद्दा मुदतीत पुरा करा आणि तसं लेखी कळवून पोच घ्या. पाच वर्षांत तीच चूक पुन्हा सापडली तर ही मुदत मिळत नाही.